गाडगं, झाडू आणि कोयता

प्रस्थापित समीक्षेला 'आत्मचित्र' म्हटलं की आरसा आठवतो. चित्रकार आरशापुढं बसला, स्वतःचं तोंड रंगवलं, झालं आत्मचित्र! आपल्या माणसाचं चित्र मात्र 'सामाजिक' म्हणून बाजूला सारायचं.

मित्रांनो, सावी सावरकरांची चित्रं बघा. 1961 साली नागपुरात जन्म, नागपूर-बडोद्याला शिक्षण, पुढं दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिक्षक. त्यांच्या चित्रांत एक माणूस पुन्हा पुन्हा येतो. गळ्यात गाडगं, सोबत झाडू. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गाडगं, पावलं पुसली जावीत म्हणून झाडू. पेशवाईतल्या पुण्याची ही रीत बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडली. म्हणजे ही प्रतीकं कल्पनेतनं आलेली नाहीत, बापजाद्यांच्या अंगावर लादलेली आहेत. इथं भावना चेहऱ्यावर शोधू नका, ती गाडग्याच्या वजनात आहे. तो चेहरा सावरकरांशी जुळो न जुळो, मी त्याला आत्मचित्रच म्हणतो. आपल्यात 'मी' म्हटलं की मागं अख्खा वाडा उभा असतो.

पण एक प्रश्न उरतोच. सावरकरांनी देवदासीही रंगवली, ताकदीनं रंगवली. तरी तिथं दुःख बाईचं अन् हात पुरुषाचा.

मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोचा 1932 साली डेट्रॉइटमध्ये गर्भ गेला. तिनं 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' हे चित्र काढलं. पलंगावर रक्तात पडलेली ती स्वतः, अन् लाल फितींनी तिला बांधलेल्या सहा वस्तू: गर्भ, गोगलगाय, कमरेचं हाड, यंत्र, असं काय काय. दुःख तिचं, हातही तिचाच. म्हणून त्या चित्रात कुणाची कीव नाही.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडं या. इथल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं 2019 साली गाजलं, सरकारनं चौकशी समिती नेमली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. खाडा पडला की पैसे कापले जातात, मग पाळी असो की आजार. माणसाचं नावच जिथं हत्यार झालं, तिथं प्रतीक शोधायला कुठं जायचं?

पोस्टरावर नुसतं गाडगं छापत राहिलो तर उद्या त्याचा ठसा होईल, वजन जाईल. आजचं प्रतीक कोयता आहे. तो आपण पोरांनी रंगवून टाळ्या घेऊ नयेत. जिनं तो चालवला, तिच्या हातात कोळसा द्या, कागद द्या, अन् गप बसून बघा.