निसर्गदृश्याचे अभिज्ञान आणि त्याचे मोल

विसाव्या शतकाच्या आरंभीचे एखादे तैलरंगातील निसर्गदृश्य जुन्या घरात सापडले, की पहिला प्रश्न विचारला जातो तो ते कोणाचे, हा. आणि दुसरा त्याची किंमत काय, हा. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न शेवटचे होत. त्यांच्या आधी ते चित्र कशावर, कशाने आणि कोणत्या भूमीचे काढले आहे, याचा निर्णय व्हावयास हवा. हा क्रम उलटला म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्या नावाचे आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेला आणि शाहू छत्रपतींचा आश्रय लाभलेला हा चित्रकार कोटितीर्थाच्या परिसरात रमला. तळे, काठची झाडी व संध्यामठ हे त्याचे विषय. परंतु तळे आणि मंदावलेला उजेड दिसला, की चित्र आबालालांचे, हा तर्क न्यायशास्त्रात बसणारा नव्हे. विषय हा कोणाच्याही मालकीचा नसतो. त्या तळ्याकाठी दुसऱ्या कोणासही बसता येत होते.

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावी असे चित्र निघाले, तर तपासणीस वेगळीच साधने हाताशी येतात. ते खरोखर तैलचित्र आहे काय, हे प्रथम पाहावे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईस छापखाना काढल्यापासून रोगण चढविलेली व कॅनव्हासचा पोत उठविलेली शिळाछापाची चित्रे घरोघर गेली. ती दुरून तैलचित्रासारखी भासतात, पण भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसू लागतात. दुसरा संभव नाटकाच्या पडद्याचा. आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, हे सर्वश्रुतच आहे. तसल्या जंगलाच्या वा नदीच्या पडद्याचा कापलेला तुकडा चौकटीत बसविला जाणे अशक्य नाही. पडद्यावर सरसात कालवलेला रंग असतो. तो ओलाव्याने सुटतो. मात्र ही परीक्षा जाणत्याने एका कोपऱ्यात करावी. ओल्या फडक्याने चित्र ‘उजळविण्याच्या’ घरगुती उत्साहाने जितकी चित्रे गेली असतील, तितकी वाळवीनेही गेली नसतील.

यानंतर चित्रातील भूमी. मराठवाड्याच्या जुन्या गावांची ओळख माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे. उतरत्या कौलांची दाट वस्ती दाखविणारे दृश्य दिंद्रुडच्या शिवाराचे म्हणून पुढे आले, तर संशय घेणे प्राप्त आहे. तसेच चित्राच्या पाठीवर १९१० साल लिहिलेले असून समोर विस्तीर्ण जलाशय पसरलेला असेल, तर तो माजलगावचा म्हणता येणार नाही. सिंदफणेवरील ते धरण शतकाच्या उत्तरार्धातले आहे. माळवद, बाभळ, काळी जमीन आणि क्षितिजावर बालाघाटाची बुटकी रेघ ही सारी एकत्र आली, तर चित्रकार येथे बसला होता असे मानण्यास जागा आहे. आणि तसे चित्र, कर्ता अज्ञात असला तरी, फार मोलाचे ठरेल. मुंबई, पुणे, कोल्हापूर यांच्या परिसराची निसर्गदृश्ये आपल्याजवळ पुष्कळ आहेत. या भूमीकडे तैलरंगाने पाहणारी दृष्टी विरळ.

चित्राची पाठ पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते. कॅनव्हास विकणाऱ्या विलायती दुकानाचा शिक्का, चौकटीचे खिळे, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या (स्थापना १८८८) प्रदर्शनाची चिठ्ठी ही सर्व कागदपत्रेच होत. किमतीचा आकडा असेल तर तो कोणत्या नाण्यातला, हे विचारावे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथे हाली शिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. हालीतील किंमत चित्राची खरेदी निजामी मुलखात झाल्याचे सुचविते, कलदारातील किंमत ते बाहेरून आल्याचे. रंगांची साक्ष याहून कठोर. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या पेटीत १९२० च्या आसपास आला, थॅलोसायनिन निळा १९३५ नंतर. मूळ थरात हे आढळले, तर १९०५ ची सही कितीही सुबक असो, ती नंतरची आहे. अतिनील प्रकाशात रोगणावर काळी तरंगणारी सही हाही तसाच पुरावा.

आता मोल. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांचे चित्र पुरावस्तु ठरते व खाजगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. म्हणजे कालनिर्णय हा केवळ विद्वानांचा छंद नव्हे. त्यावर बाजाराची सीमा ठरते. त्याच कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांच्या कृती कलानिधी म्हणून जाहीर झाल्या, त्यांत रविवर्मा आहेत, आबालाल नाहीत. या यादीवरून गुणवत्तेचा निर्णय करणे मात्र भाबडेपणाचे. पश्चिम हिंदुस्थानात पैसा व्यक्तिचित्राला मिळे. निसर्गदृश्य बहुधा चित्रकार स्वतःसाठी काढी, आणि म्हणून ते अनेकदा बिनसहीचे राही. व्यापारी ज्या उणिवेपायी किंमत पाडतो, तीच उणीव पुष्कळदा चित्राच्या खरेपणाची खूण असते. पुढे कोणी तीवर सही घालतो. मग किंमत वाढते आणि चित्र मात्र पुराव्यातून बाद होते. चित्र विकावयाचे असो वा ठेवावयाचे, घरच्यांनी प्रथम त्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, ते घरात केव्हा व कोणाकडून आले हे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे, आणि तोपर्यंत त्यास पाण्याचा थेंबही लावू नये.