लेकराच्या तोंडी निरोप

‘मॅरेज स्टोरी’ मी पिशोरला, वडिलांच्या घरात, मोबाइलवर पाहिला. मुलगा झोपल्यावर, इअरफोन लावून, तीन रात्रींत. पहिल्या रात्री नेटवर्क गेलं म्हणून थांबले. दुसऱ्या रात्री नेटवर्क होतं, पण मला पुढे बघवेना. तिसऱ्या रात्री शेवटपर्यंत पाहिला आणि मग शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा पाहिली.

नोआ बॉमबॅकचा हा सिनेमा २०१९ साली आला. चार्ली न्यूयॉर्कचा नाटक दिग्दर्शक, निकोल अभिनेत्री, हेन्री त्यांचा मुलगा. निकोल हेन्रीला घेऊन लॉस एंजेलिसला आईकडे जाते आणि तिथूनच घटस्फोटाचा अर्ज करते. पुढे वकील, पैसा, ‘मूल कोणत्या गावचं’ यावरून ओढाताण. सिनेमा आला तेव्हा सगळीकडे चर्चा होती ती त्या लांबलचक भांडणाची. अ‍ॅडम ड्रायव्हर भिंतीवर मूठ मारतो, त्या प्रसंगाची. मला तो प्रसंग चांगला वाटला, पण ओळखीचा वाटला नाही. आमच्यात एवढं मोकळं भांडण कधी झालंच नाही. मला ओळखीचे वाटले ते या सिनेमातले दोन कागद.

पहिला कागद कोर्टाचा. तो निकोलनं स्वतः नवऱ्याला देऊन चालत नाही, तिसऱ्या माणसानं द्यावा लागतो. म्हणून तिची बहीण स्वयंपाकघरात लिफाफा घेऊन घामाघूम होते. प्रसंग विनोदी आहे. दुसरा कागद म्हणजे निकोलनं लिहिलेलं टिपण. वेगळं होण्याआधी मध्यस्थानं दोघांना सांगितलेलं असतं, एकमेकांतलं काय आवडतं ते लिहा. सिनेमा त्या दोन टिपणांनीच सुरू होतो. पण निकोल आपलं टिपण वाचून दाखवायला नकार देते आणि उठून जाते. सगळं संपल्यावर, साधारण वर्षानं, तो कागद हेन्रीच्या हाती लागतो. तो वाचायला शिकतोय, अडखळत एकेक शब्द लावतो. चार्ली शेजारी बसतो, मदत करता करता पुढचं स्वतः वाचू लागतो आणि त्याचा आवाज फुटतो. दारात निकोल उभी असते.

म्हणजे कोर्टाचा निरोप मोठ्या माणसानं पोचवला आणि प्रेमाचा निरोप लेकराच्या तोंडून पोचला. हा सिनेमा मला तिथे कळला. कारण आमच्या घरात नेमकं उलटं चाललं होतं.

सांगते. आम्ही वेगळे झालो तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याचे वडील पुण्याकडे कंपनीत, मी माहेरी. इथे माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. दर दुसऱ्या शनिवारी मी मुलाला संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर घेऊन जायची, वडील त्याला तिथून न्यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत आणून सोडायचे. आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. बोलायचा तो. “पप्पांना सांग, फी भरायचीय.” “आईला सांग, पुढच्या वेळी जमणार नाही.” “पप्पांना सांग, मागच्या वेळचे बूट तिथेच राहिले.” आमच्याकडे म्हणतात, लेकराच्या पोटात काही राहत नाही. चूक आहे. एकदा फी भरायची तारीख उलटून गेली आणि मी चिडून फोन केला, तेव्हा उलगडा झाला. मी म्हणाले होते, “पप्पांना सांग, दरवेळी मीच भरायची का?” मुलानं तिकडे सांगितलं होतं, “आई म्हणाली, फी भरली.” तिकडून आलेले निरोपही तो असेच धुऊन, पुसून आणत होता. “बरं म्हणाले पप्पा.” दरवेळी बरंच म्हणाले.

नंतर मी ‘अवरफॅमिलीविझार्ड’ नावाच्या अमेरिकी अ‍ॅपबद्दल वाचलं. २००१ पासून चालू आहे, घटस्फोटित आईबापांसाठीच बनवलेलं. मुलाचं वेळापत्रक, खर्चाची नोंद, निरोप, सगळं एका ठिकाणी. पाठवलेला निरोप बदलता येत नाही, पुसता येत नाही. समोरच्यानं तो पहिल्यांदा कधी उघडला तेही नोंदलं जातं. तिकडची कोर्टं हे अ‍ॅप वापरायचा आदेशही देतात. त्यात ‘टोनमीटर’ म्हणून एक सोय आहे. तुम्ही निरोप लिहिताना तिखट शब्द वापरला, तर पाठवण्याआधी ते तुम्हाला टोकतं. हे वाचून मी दुकानात एकटीच बसून राहिले. सात वर्षांचं माझं लेकरू आमचं टोनमीटर झालं होतं, आणि ते फुकट चालत नव्हतं.

समीक्षक म्हणून मला या अ‍ॅपकडे एक लेखनप्रकार म्हणून बघावंसं वाटतं. कादंबरीला जसे नियम असतात तसे याचेही आहेत: छोटी वाक्यं, विशेषणं नाहीत, मागचं उकरायचं नाही, विषय एकच. आम्ही काही ते अ‍ॅप घेतलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांचाच एक ग्रुप केला, नाव दिलं मुलाच्या इयत्तेचं. सामायिक कॅलेंडर केलं, त्यात पाळ्या दोन रंगांत लावल्या. पैसे यूपीआयनं, आणि सोबत एक ओळ: ‘वह्या’, ‘डॉक्टर’, ‘सहल’. हे सगळं आज कोणाच्याही फोनमध्ये असतं. त्यातून तयार झालेलं गद्य इतकं रूक्ष आहे की त्याला कुणी साहित्य म्हणणार नाही. ‘रात्री ताप १०१. औषध दिलं. सकाळी नाही.’ पण ज्या घरात प्रत्येक वाक्याला मागची दहा वर्षं चिकटलेली असायची, तिथे ही कोरडी ओळ केवढं मोठं काम करते, ते ज्याला माहीत त्याला माहीत.

आता मराठीची अडचण. इंग्रजीत एका ‘यू’मध्ये भागतं. मराठीत क्रियापदाला हात लावल्याबरोबर नातं उघडं पडतं. लग्नात मी त्यांना ‘अहो’ म्हणायचे, ते मला ‘तू’. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात दोघांची नावं सारख्याच टायपात असतात, पण क्रियापदं सारखी होत नाहीत. ‘पोहोचलात का?’ लिहिलं की मी अजून बायकोच. ‘पोहोचलास का?’ म्हणजे सरळ भांडणाला आमंत्रण. शेवटी मी वाक्यातून माणूसच काढून टाकला. ‘पोहोचणं झालं?’ ‘उद्या नेणं जमेल का?’ व्याकरणानं एवढी पळवाट ठेवली आहे, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

आणि टोमणा? त्याला कोणतं यंत्र पकडणार? ‘वेळ मिळाला तर बघावं.’ यात एकही तिखट शब्द नाही. ‘मोठी माणसं, आम्ही काय बोलणार.’ उलट आदरच आहे. आपल्याकडे सगळ्यात खोल लागणारं वाक्य सगळ्यात सभ्य असतं. त्यामुळे अ‍ॅप आलं म्हणजे शहाणपण आलं, असं होत नाही. तंत्रज्ञान निरोपाचा रस्ता बदलतं. निरोपातली खोच लिहिणाऱ्यालाच काढावी लागते.

कायदाही या रस्त्यावर हळूहळू आलेला आहे. मुलाच्या ताब्याचे दावे आजही १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाखाली चालतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात वैवाहिक दाव्यांची सुनावणी व्हिडिओवर घ्यावी का, यावर न्यायमूर्तींत एकमत झालं नाही. बहुमताचं म्हणणं होतं की समेटासाठी माणसं समोरासमोर हवीत. न्यायमूर्ती चंद्रचूडांनी वेगळं मत नोंदवलं. जानेवारी २०२० मध्ये मात्र, आई मुलीला घेऊन भारतात आणि वडील अमेरिकेत अशा एका खटल्यात, याच न्यायालयानं भेटीच्या हक्काबरोबर संपर्काच्या हक्काची गोष्ट केली. ज्याच्याकडे मूल नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, शक्य तिथे व्हिडिओ कॉलवर. मला हा निकाल माणुसकीचा वाटतो. पण पाच-दहा मिनिटं म्हणजे काय, ते ज्यानं लेकराला फोनसमोर बसवलंय त्यालाच विचारा.

“जेवलास का?” “हो.” “काय?” “भाजी-पोळी.” मग पडद्यावर छत, मग पंखा, मग मुलाचं अर्धं कपाळ. आजी मागून म्हणते, “शाळेतलं सांग की.” समोर बसून तो बापाच्या मांडीवर लोळला असता, काहीच बोलला नसता, तरी भेट झाली असती. व्हिडिओवर गप्प बसायची सोय नाही. दूरच्या बापासाठी हा कॉल फार मोलाचा आहे, पण भेटीच्या जागी तोच लावून दिला की मूल रोज दहा मिनिटांची परीक्षा देतं.

आणि माझा गुन्हा इथेच लिहून ठेवते. मी कॉल स्पीकरवर ठेवायला लावायचे. कारण म्हणून सांगायचे, “नेटवर्क नाही, नीट ऐकू येत नाही.” खरं म्हणजे मला ऐकायचं असायचं. वेळ पडली तर कामी येतील म्हणून स्क्रीनशॉटही काढून ठेवले होते. एकदा मुलगा सहज म्हणाला, “आई, तू ऐकतेस ना, तेव्हा पप्पा दुसऱ्याच आवाजात बोलतात.” ‘मॅरेज स्टोरी’मध्ये कोर्टानं नेमलेली बाई चार्ली बाप म्हणून कसा आहे ते बघायला घरी येते. तिच्यासमोर सगळं साधं, सहज दाखवण्याच्या नादात तो चाकूनं स्वतःचा हात कापून घेतो आणि रक्त लपवत बसतो. मी ती बाई झाले होते, रोज, दहा मिनिटं. आता तो फोन घेऊन पडवीत जातो आणि मी आत राहते. सोपं नाही.

या सिनेमावर माझे दोन आक्षेप आहेत. एक, हेन्री. त्याच्यासाठी सगळं चाललंय, पण तो स्वतः काय समजतो हे सिनेमा फारसं विचारत नाही. दुसरा मोठा. इथे दोघंही मुळात भले आहेत, म्हणून शेवटी जुळवून घेता येतं. सगळीकडे तसं नसतं. झाविए लग्रांचा ‘कस्टडी’ हा २०१७ चा फ्रेंच सिनेमा शेजारी ठेवून पाहावा. तिथे मारकुट्या बापाला कोर्ट मुलाच्या भेटीचा हक्क देतं, आणि बाप त्या भेटी आईचा नवा पत्ता काढायला वापरतो. गाडीत शेजारी बसलेला मुलगा आईला वाचवण्यासाठी खोटं बोलतो. त्याच्याही तोंडी निरोप आहेत, पण त्यांच्यावर आईचा जीव टांगलेला आहे. अशा घरात ‘एकत्र कॅलेंडर करा, रोज बोला’ हा सल्ला धोक्याचा. तिथे बाईला फोन बंद ठेवता येणं, पत्ता लपवता येणं, हेच तंत्रज्ञान.

आणि आपल्या भागात तर पुष्कळ जणींपर्यंत हा प्रश्न पोचतच नाही. दुकानात माझ्याकडे कधीकधी स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीची झेरॉक्स काढायला येतात. तशी रूढी सिद्ध झाली तरच कायदा ती मानतो, नाहीतर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तो कागद मी वाचते, वाचू नये तरी वाचते. भांडी, दागिने, देणंघेणं, सगळं लिहिलेलं असतं. लेकराबद्दल एक ओळ: ‘मूल आईकडे राहील.’ बापानं कधी भेटायचं, खर्च कोणी द्यायचा, काही नाही. त्या लेकरांना कोणी निरोपसुद्धा देत नाही.

मराठीत निरोप हा शब्द दोन अर्थांचा आहे. सांगावा म्हणजे निरोप, आणि जाताना घेतात तोही निरोप. आमचं मूल दोन वर्षं हे दोन्ही एकाच वेळी करत होतं. बसस्थानकावर एकाचा निरोप घ्यायचा आणि दुसऱ्याला निरोप द्यायचा. पहिला चुकवता येणार नव्हता. दुसरा फोननं उचलला. तंत्रज्ञानाकडून मला एवढंच हवं होतं आणि एवढं त्यानं केलं. आम्हाला मित्र बनवणं त्याचं काम नाही.

‘मॅरेज स्टोरी’च्या अगदी शेवटी पाळी निकोलची असते, तरी ती चार्लीला म्हणते, आज तू ने त्याला. वकिलांनी टक्क्यांत वाटून दिलेलं वेळापत्रक ती एका वाक्यात बाजूला ठेवते. मग त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधते. वेळापत्रक मोडायला आधी ते असावं लागतं, हे मला त्या दृश्यात दिसलं. ते नसतं तर ही मेहेरबानी ठरली असती, किंवा नवं भांडण.

मागच्या पोळ्याला कॅलेंडरवर माझा रंग होता. मुलानं आजोबांबरोबर बैलांची शिंगं रंगवली आणि हट्ट धरला की पप्पांना दाखवायची. मी म्हणाले, कॉल कर. तो म्हणाला, “फोनवर नाही. खरी.” मी ग्रुप उघडला. ‘पोळ्याला येणं जमेल का’ लिहिलं, खोडलं. त्याला म्हणाले, “तूच विचार.” त्यानं पडवीत जाऊन विचारलं. काय बोलला, मी ऐकलं नाही. तो निरोप त्याचा होता.