भविष्यकाळ आणि मागचं दार

भविष्यकाळाशी माझं शाळेपासूनच वाकडं आहे. व्याकरणाच्या तासाला मी ‘मी अभ्यास करीन’ असं म्हटलं की गुरुजी हातातली छडी न हलवता विचारायचे, “कधी?” पेन्शनीत आल्यावर तर हा काळ राशिभविष्याच्या चार ओळींपुरताच उरला. त्यामुळे सुट्टीत पुण्याहून आलेली नात परवा दुपारी म्हणाली, “आजोबा, आज आपण फ्यूचर बघायचं,” तेव्हा माझा हात आधी पंचांगाकडे गेला.

तिला म्हणायचं होतं ‘इवाजू’. योरुबा भाषेत या शब्दाचा अर्थच भविष्यकाळ. या कार्टून मालिकेची जन्मकथा मालिकेइतकीच गमतीची आहे. ‘कुगाली’ या आफ्रिकी चित्रकथा काढणाऱ्या कंपनीच्या तिघा तरुणांनी २०१९ साली एका मुलाखतीत जाहीर करून टाकलं, की आफ्रिकेत आम्ही डिस्नेला चीत करणार. आपल्याकडे अशा वेळी वकिलाची नोटीस येते. डिस्नेने त्यांनाच बोलावून घेतलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांची सहा भागांची मालिका दाखवली.

पण आमच्याकडे भविष्यकाळ सुरूच होईना. टीव्हीचं इंटरनेटशी जमेना. मी रिमोट झटकला, मग थोपटला, मग त्याचे सेल काढून उन्हात ठेवले. वर्धेचं मे महिन्याचं ऊन. त्यात सेलसुद्धा दमले. शेवटी सौ.ने मागच्या अंगणातून कामाच्या बाईंच्या मुलाला हाक मारली. अकरा-बारा वर्षांचं पोर. “आबाजी, तुमी पासवर्डच चुकवून रायले,” म्हणत त्याने दोन मिनिटांत लागोस शहर आमच्या दिवाणखान्यात आणून सोडलं आणि स्वतः दाराशी फरशीवर बसला.

नायजेरियातलं हे लागोस खरोखरच पाण्याने दुभंगलेलं आहे. एकीकडे मुख्य भूमी, दुसरीकडे बेटं, मध्ये पूल. त्यातला १९९० साली पुरा झालेला पूल जवळजवळ बारा किलोमीटर लांब आहे. मालिकेतल्या उद्याच्या लागोसमध्ये बेटावरचे श्रीमंत उडत्या मोटारींतून फिरतात आणि मुख्य भूमीवरची माणसं खाली गर्दीत घाम पुसत असतात. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्यावर मोटारी ताशी १२० किलोमीटरने जातात. दुचाकीला तिथे मज्जाव आहे. ती खालच्या रस्त्याने जाते आणि वर बघते. मोटार उडायला पंखच लागतात असं नाही.

बेटावर राहणाऱ्या टोलाला तिचा बाप, टुंडे, रक्षणासाठी एक यांत्रिक सरडा देतो. मुलं पळवून खंडणी मागणारी टोळी मोकाट असते ना! ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण लागोसमध्ये ठाऊक नसावी, पण कुंपणाआडच्या पोरीला सरडाच द्यावा, हे औचित्य त्यांना बरोबर सुचलं. बाप प्रेमळ आहे. फक्त प्रेम करायला त्याला वेळ नाही, म्हणून ते काम यंत्रावर सोपवतो. हा भाग मला फार आवडला. चित्रं तर अशी, की बाजाराच्या दृश्यात भज्यांचा वास आल्यासारखा वाटला. (तो शेजारून येत होता, हे नंतर कळलं.)

तक्रार आहे ती कोलेबद्दल. म्हणजे कोलेबद्दल नाही, त्याला घडवणाऱ्यांबद्दल. कोले हा टोलाच्या घरी राबणारा, पलीकडच्या वस्तीत आजारी आईजवळ राहणारा मुलगा. तो स्वतःच्या स्वतः तंत्रविद्या शिकलेला, कुठलंही यंत्र वश करणारा. आता श्रीमंताच्या गोष्टीत शिरायला गरिबाला इतकं हुशार का असावं लागतं? टोलाला काही येत नसतं तरी ती नायिका राहिलीच असती. कोलेला बेचाळीस टक्के पडत असते, तर सहा भागांत एकदाही त्याचं तोंड दिसलं नसतं. शिवाय पाण्याच्या दोन तीरांमधला सगळा अन्याय बोडे नावाच्या एका खलनायकाच्या खांद्यावर टाकला, की पूल कुणी बांधला आणि कुणासाठी, हे विचारायला नको.

आमच्या वर्ध्याला हे जास्त खटकायला हवं. इथे १९३६ साली एक गृहस्थ पूल उलट्या दिशेने ओलांडून गेले होते. वर्ध्यात राहण्याची उत्तम सोय असताना गांधीजी आठ किलोमीटरवरच्या शेगावात जाऊन राहिले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या माणसांना काही दुरुस्त करता येतं का, अशी चौकशी त्यांनी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आम्ही पाहुणे आले की त्यांना बापूकुटी दाखवतो आणि जेवायला घरी परत येतो.

असं माझं टीकालेखन मनातल्या मनात रंगात आलं होतं. पाचवा भाग संपला, तेव्हा दाराशी बसलेलं पोर म्हणालं, “आबाजी, माही बहीण बाहेर बसली हाये. तिले बोलावू का?”

मला ठाऊक होतं. आईबरोबर भांडी घासून झाल्यावर ती नळाच्या ओट्यावर सावली धरून बसली होती. जाता-येता मी तिला दोनदा पाहिलं होतं. पण तिला आत बोलवायचं मला सुचलं नाही. तिला रिमोट दुरुस्त करता येत नाही.

“बोलाव की,” मी म्हणालो.

ती आली आणि भावाच्या मागे, उंबरठ्यालगत टेकली. सहावा भाग सुरू झाला. सोफ्यावर दोघांची जागा रिकामी होती. “वर बसा,” असं मी म्हणालो. म्हणालो म्हणजे, पुटपुटलो. कूलरच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नसावं.