ऐच्छिक, पण इच्छा कुणाची?

इंग्रजीतील 'ऑप्शनल' आणि 'व्हॉलंटरी' या दोन्हींना आपण 'ऐच्छिक'च म्हणतो: विषय ऐच्छिक, स्नायूही ऐच्छिक. विषय सोडता येतो. स्नायू इच्छेनुसार हलवता येतो. हा फरक संदर्भावरून कळतो. खरी अडचण गणितातील 'आर्बिट्ररी'ची आहे. त्याचे मूळ लॅटिन 'आर्बिटर', म्हणजे पंच. निर्णय पंचाचा, खेळाडूचा नव्हे! आपण मात्र 'कोणताही त्रिकोण घ्या' म्हणतो आणि विद्यार्थी सोयीचा समभुज त्रिकोण काढून मोकळा होतो. निवड आपली, असे त्याला वाटते. वस्तुतः त्रिकोण दुसऱ्या कुणीही दिला, तरी सिद्धता टिकली पाहिजे. म्हणून शिक्षकांनी 'कुणीही दिलेला कोणताही त्रिकोण' म्हणावे आणि फळ्यावर विषमभुज त्रिकोण काढावा.