मंकुतिम्माचा योग

बसवनगुडीतल्या जुन्या कन्नड घरांत पुस्तकांच्या कपाटात गीतेशेजारी हमखास दिसणारं एक पुस्तक आहे, डी. व्ही. गुंडप्पांचं ‘मंकुतिम्मन कग्ग’. 1943 साली ते प्रसिद्ध झालं. चार-चार ओळींची 945 पद्यं, आणि पद्य संपताना बहुधा ‘मंकुतिम्म’ अशी हाक. मंकुतिम्म म्हणजे मठ्ठ तिम्मा आणि कग्ग म्हणजे त्याची बडबड. पण कन्नड माणूस या बडबडीला ‘कन्नडची भगवद्गीता’ म्हणतो. लग्नातल्या भाषणात, निरोपसमारंभात, दुःखाच्या घरी धीर देताना तिच्यातलं एखादं पद्य त्याच्या ओठांवर सहज येतं.

गीतेशी केलेली ही तुलना मानाची आहे, तरी मला ती नेमकी वाटत नाही. गीतेत सांगणारा श्रीकृष्ण आहे, ऐकणारा वीर आहे आणि प्रसंग युद्धाचा आहे. कग्गात सांगणारा तिम्मा आणि ऐकणाराही तिम्माच. प्रसंग म्हणावा असा काहीच नाही. घर, बाजार, आजारपण, नातीगोती, मानपान, रात्री झोप न लागणं, एवढंच. रोजच्या धबडग्यात स्वतःला थोडं ओळखावं आणि जमेल तसं सुधारावं, असं वाटणाऱ्या माणसाला योगदर्शनाकडून जे हवं असतं, ते मला या पुस्तकात अगदी हाताशी सापडलं.

बंगळूर हे आज योगाचं शहर आहे. जिगणीला प्रशांती कुटीरम आहे, कनकपुरा रस्त्यावर आर्ट ऑफ लिव्हिंगचा आश्रम आहे, आणि गल्लोगल्ली सकाळचे योगवर्ग चालतात. शेजारच्या कोलार जिल्ह्याशी तर आपलं जुनं देणंघेणं आहे. बी. के. एस. अय्यंगार त्या जिल्ह्यातल्या बेल्लूरचे. 1937 साली ते पुण्याला शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. गुंडप्पा त्याच जिल्ह्यातल्या मुळबागलचे, जन्म 1887 चा. कोलारनं पुण्याला आसनांची शिस्त दिली आणि पुण्याकडून गुंडप्पांनी गोपाळ कृष्ण गोखले घेतले. सार्वजनिक जीवनाला अध्यात्माची बैठक हवी, हा गोखल्यांचा 1905 च्या भारत सेवक समाजामागचा आग्रह या कन्नड पत्रकाराच्या मनात कायमचा बसला. त्यांनी गोखल्यांचं चरित्र कन्नडमध्ये लिहिलं आणि 1945 साली त्यांच्या नावानं सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासाची संस्था काढली. बुल टेंपल रस्त्यावर ती आजही उभी आहे. बंगळूरला येणाऱ्या मराठी माणसानं तिथे एकदा तरी जाऊन यावं.

आता कग्गाकडे वळू. मन कसं वळवावं याविषयी त्यात एक पद्य आहे आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकाचं मर्म तिथे आहे. त्यात गुंडप्पा मनाला हट्टाला पेटलेलं मूल म्हणतात. आरडाओरडा केला, धपाटे घातले तर ते वश होत नाही, हे कुठल्याही घरात ठाऊक असतं. त्याला थोडा खाऊ द्यावा लागतो, गोड गोष्टी सांगाव्या लागतात. काही हातावर ठेवायचं आणि काही विसरायला लावायचं. पद्य एवढंच सांगतं. पहिल्या वाचनात हे संसारी शहाणपण वाटतं आणि वाचक पान उलटतो. पण थांबून पाहिलं तर पतंजलींनी पहिल्याच पादात मनाच्या आवरासाठी सांगितलेली दोन्ही साधनं, अभ्यास आणि वैराग्य, इथे घरच्या कपड्यांत आलेली दिसतात.

विसरायला लावणं ही क्रिया पाहा. वैराग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोडणं येतं, टाकणं येतं, दात-ओठ खाऊन केलेला त्याग येतो. गुंडप्पांचं वैराग्य तसं नाही. लहान मुलाच्या हातातली कात्री हिसकावायला गेलं तर ते ती आणखी घट्ट धरतं. शहाणी आई त्याच्यापुढे चमचा आणि वाटी ठेवते, आणि कात्री हातातून कधी सुटली हे त्यालाही कळत नाही. राग, हेवा, जुना अपमान मनातून असेच सुटतात. ‘मी रागावणार नाही’ असं स्वतःला शंभरदा बजावण्यानं राग फक्त तालमीत तयार होतो. त्या घटकेला मनाला दुसरं काही गोड आणि खरं द्यावं लागतं. एखादं काम, एखादं गाणं, एखाद्याची विचारपूस.

आणखी एक बारकावा आहे. ‘थोडं’ या अर्थाचा शब्द या चार ओळींत पुन्हा पुन्हा येतो. खाऊही थोडा-थोडा, देणंही थोडं, विसरणंही थोडंच. कवीनं हा शब्द जागा भरायला घातलेला नाही. मन वाऱ्यासारखं आवरेना, अशी अर्जुनाची तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि त्याच अध्यायात हळूहळू, टप्प्याटप्प्यानं शांत होण्याचा सल्लाही आहे. ज्ञानेश्वरांनी त्या अध्यायावर किती मायेनं लिहिलंय ते मराठी वाचकाला सांगायला नको. गुंडप्पांनी तो सल्ला उपदेश म्हणून सांगितलेला नाही, शब्दाच्या पुनरावृत्तीतून तो कानात मुरवला आहे.

पण या पद्याची खरी करामत याच्याही पुढची आहे. मन म्हणजे हट्टी मूल, असं म्हणताक्षणी म्हणणारा त्या मुलापासून वेगळा होतो. क्षणापूर्वी तो रडत होता, आदळआपट करत होता. आता तो रडणाऱ्याकडे पाहतोय, आणि तेही ममतेनं. योगदर्शनात द्रष्टा आणि दृश्य यांची गल्लत हेच दुःखाचं मूळ मानलं आहे आणि त्यांचा विवेक हा उपाय मानला आहे. तो विवेक समजावून सांगायला भाष्यकारांना पानंच्या पानं लागतात. इथे एका उपमेनं तो वाचकाच्या हातून करवून घेतला जातो. उपमा समजली की विवेक घडलेला असतो, निदान तेवढ्या क्षणापुरता. आत्मपरीक्षणाची एवढी सोपी आणि एवढी दयाळू रीत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

मराठी माणसाला इथे समर्थांचे मनाचे श्लोक आठवणारच. ते 205 श्लोकही मनालाच उद्देशून आहेत, आणि समर्थही मनाला शिवी देत नाहीत, सज्जन म्हणून हाक मारतात. मात्र भुजंगप्रयाताची चाल पावलं टाकत जाणारी आहे. ते श्लोक चारचौघांत, मोठ्यानं, लहान मुलांसोबत म्हणावेत असे आहेत, आणि त्यांत बोलणारा मनापेक्षा एक पायरी वर उभा असतो. कग्गाचा स्वर एकट्यानं पुटपुटण्याचा. बोलणारा स्वतःलाच मठ्ठ म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला कमीपणा येत नाही. दोघांची गरज वेगवेगळ्या वेळी पडते. सकाळी समर्थ आणि रात्री तिम्मा, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

कानाविषयीही सांगायला हवं. कन्नडच्या जुन्या रीतीप्रमाणे गुंडप्पा चरणाच्या दुसऱ्या अक्षराला प्रास साधतात. आपल्याला यमक ओळीच्या शेवटी ऐकायची सवय असते. इथे ते सुरुवातीलाच येतं आणि ओळ नंतर मोकळी सुटते. मनाच्या पद्यात ‘न’, सगळ्यांत लोकप्रिय असलेल्या पद्यात ‘ल्ल’. डोंगराच्या पायथ्याला गवत, घरात मोगरा, संकटांच्या पावसात दगड आणि दीनदुबळ्यांना गूळसाखर व्हायला सांगणारं ते हेच पद्य. ओळीच्या तोंडाशीच घुमणाऱ्या या अक्षरामुळे अर्थ समजण्याआधी ते तोंडात बसतं. पाठांतराला इतकं अनुकूल पुस्तक लोकांच्या ओठांवर गेलं यात नवल नाही.

टांग्याचं पद्य मला या सगळ्यांत धीट वाटतं. कठोपनिषदातलं रथाचं रूपक आपल्या परिचयाचं आहे. शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथात बसलेला धनी. योगाची सारी कल्पना त्या आवरलेल्या घोड्यांवर उभी आहे. गुंडप्पांनी त्या रथाचा टांगा केला आणि सगळ्या जागा बदलल्या. आयुष्य हा टांगा, हाकणारी नियती, आणि तू घोडा! हाकणाऱ्याला ‘साहेब’ म्हटलंय, तोही रस्त्यावरचाच शब्द. बसणारे कोण हे घोड्यानं ठरवायचं नाही. लग्नघरी जायचं की मसणात, हेही त्याच्या हातात नाही. पळणं तेवढं त्याचं.

एवढ्यावर पद्य संपलं असतं तर त्याला दैववाद म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. पण शेवटी गुंडप्पा सांगतात की पाय घसरला तर खाली जमीन आहेच. या जमिनीचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. ती पडलेल्याला पोटात घेणारी माती आहे, आणि पडलेल्याला आणखी खाली जाऊ न देणारा आधारही आहे. मृत्यू आणि विसावा एकाच शब्दात. रथातल्या धन्याचा अभिमान उतरला की ईश्वरप्रणिधान सुरू होतं, हे मला या घोड्यामुळे कळलं. मोठ्या शहरात नोकरी, रहदारी, बॉसची मर्जी आणि आईवडिलांचं दुखणं यांच्यामध्ये पळणाऱ्या माणसाला रथी होण्याचा उपदेश कधी कधी झेपत नाही. त्याला घोड्याची ओळख लगेच पटते.

भुकेच्या पद्यात गुंडप्पा एक उतरंड मांडतात. अन्नाच्या ओढीपेक्षा सोन्याची ओढ जबर, तिच्याहून स्त्री-पुरुषांची एकमेकांची ओढ, आणि या सगळ्यांवर मानसन्मानाची तहान. ती माणसाचा आत्माच खाऊन टाकते. क्रम पाहण्यासारखा आहे. काम आणि कांचन यांपाशी थांबणारे उपदेशक खूप. गुंडप्पा त्यांच्या पुढे जाऊन तिथे बोट ठेवतात जिथे साधकालाही दुखतं. जो उपास करतो, जो दान देतो, जो पहाटे उठून आसनं करतो, त्यालाही ‘कोणी पाहिलं का?’ हा प्रश्न सुटत नाही. आसनाचा फोटो काढून तो लोकांना दाखवण्याच्या आजच्या दिवसांत या पद्याला पूर्वीपेक्षा जास्त धार आलेली आहे.

त्याचं उत्तर दुसऱ्या एका पद्यात मिळतं. मातीतून कोंब वर येतो तेव्हा ढोल वाजत नाहीत, फळ पिकतं तेव्हा तुतारी नाही, सूर्यचंद्र आवाज न करता उजेड देतात. मग तिम्मा स्वतःला सांगतो, ओठ शिवून टाक. हे केवळ नम्रतेचं कौतुक नाही. खऱ्या वाढीचं लक्षणच सांगितलंय. जी वाढ ऐकू येते ती बहुधा वाढ नसतेच. गुंडप्पा हे बोलले तसं जगले. 1970 साली बंगळूरच्या रवींद्र कलाक्षेत्रात त्यांचा सत्कार करून थैली दिली गेली, ती त्यांनी सगळीच्या सगळी गोखले संस्थेला देऊन टाकली.

यावरून ते रूक्ष विरक्त होते असं कोणी समजू नये. बेलूरच्या देवळातल्या मदनिकांवर ‘अंतःपुरगीते’ लिहिणारा हाच माणूस. शिल्पातल्या नर्तकीपुढे आणि गीतेपुढे तो सारख्याच आदरानं उभा राहिला. गीतेवरच्या त्यांच्या विवेचनाचं नाव ‘जीवनधर्मयोग’, 1967 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच मिळाला. जगण्यापासून तुटलेला योग त्यांना मान्यच नव्हता, हे त्या शीर्षकातच आलं.

सगळं कग्ग एका उंचीवर नाही, हेही सांगतो. 945 पद्यांत तोच विचार अनेकदा फिरून येतो. काही ठिकाणी प्रासासाठी शब्द ओढूनताणून आणलेले वाटतात, आणि विश्वाच्या उत्पत्तीची चर्चा करणारी पद्यं मला कोरडी वाटतात. भाषाही सोपी नाही. हळेगन्नडचे, म्हणजे जुन्या कन्नडचे, शब्द इतके, की कन्नड मातृभाषा असलेले तरुणही अर्थासाठी टीका उघडतात. म्हणून हे पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचू नये. जिथे घर आहे, मूल आहे, टांगा आहे, कोंब आहे, तिथून आत शिरावं. बाकीचं मागाहून आपोआप जवळ येतं.

माझी एक विनंती आहे. बंगळूरमध्ये आज मराठी घरं खूप आहेत, आणि शेजारी कन्नड बोलणारं कोणी ना कोणी असतंच. त्यांना मनाचं ते हट्टी मुलाचं पद्य म्हणून दाखवायला सांगा. अर्थ नंतर विचारा. आधी नुसतं ऐका, ओळीतलं दुसरं अक्षर कानात धरा, आणि जमलं तर ते एक पद्य पाठ करा.