‘आइशमन इन जेरुसलेम’ : हाती आलेला आरोपी आणि निसटलेला फरारी

हॅना आरेन्ट यांच्या ‘आइशमन इन जेरुसलेम’ (१९६३) या ग्रंथाचा उल्लेख आपल्याकडील चर्चासत्रांतून वारंवार होतो. मात्र तो बहुधा उपशीर्षकातील ‘दुष्टतेचे सामान्यत्व’ या संकल्पनेपुरताच असतो. आइशमन हा तयार, छापील शब्दप्रयोगांच्या आधाराने जगणारा मनुष्य होता, असे आरेन्ट यांचे निरीक्षण आहे. त्यांचीच संज्ञा आपण छापील शिक्क्यासारखी वापरावी, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. वस्तुतः हा ग्रंथ एका फरारी युद्धगुन्हेगारास न्यायासनासमोर आणण्याच्या प्रक्रियेविषयीचा आहे. या अंगाने वाचल्यास त्याचे बलस्थान आणि त्याची उणीव वेगळ्याच ठिकाणी आढळतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

युरोपातील ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या वाहतुकीची व्यवस्था पाहणारा अडॉल्फ आइशमन महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या कैदेतून निसटला, काही वर्षे जर्मनीतच नाव बदलून राहिला आणि १९५० मध्ये अर्जेंटिनात पोहोचला. तेथे ‘रिकार्डो क्लेमेंट’ या नावाने राहत असता ११ मे १९६० रोजी इस्रायली हेरांनी त्यास ब्युनोस आयरेसच्या उपनगरातून पळवून नेले. एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेम येथे खटला सुरू झाला, डिसेंबरात त्यास मृत्युदंड ठोठावण्यात आला व पुढील वर्षी फाशी देण्यात आली. आरेन्ट या खटल्यास ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या वतीने उपस्थित होत्या.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य त्याच्या उपसंहारात आहे. हे अपहरण आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करणारे होते, हे आरेन्ट आडपडदा न ठेवता मान्य करतात. अर्जेंटिनाच्या तक्रारीवरून सुरक्षा परिषदेने जून १९६० मध्ये इस्रायलने योग्य ती भरपाई करावी असा ठराव केला होता. मग या कृतीचे समर्थन कशाच्या आधारे करावयाचे? आरेन्ट येथे दोन जुने प्रसंग पुढे आणतात. आर्मेनियनांच्या संहारास जबाबदार असलेल्या तलत पाशाला सोगोमोन तेहलिरियन याने १९२१ मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर गोळी घातली. युक्रेनमधील ज्यूंच्या कत्तलींचा दोष ज्याच्यावर ठेवला जात होता, त्या पेटल्युराला शोलोम श्वार्ट्सबार्ड याने १९२६ मध्ये पॅरिसमध्ये ठार केले. दोघांनी स्वतःवरील खटल्याचा उपयोग आपल्या समाजावरील अत्याचार जगासमोर मांडण्यासाठी केला आणि दोघेही निर्दोष सुटले. या पर्यायाचा मोह आरेन्ट यांना जाणवतो. पण तेथे न्यायालयात उभा राहतो तो सूड घेणारा, मूळ गुन्हेगार नव्हे, आणि आपले शासन व न्यायालय असलेल्या राष्ट्राला तो मार्ग तसाच घेता येत नाही, हेही त्या ओळखतात. सूड आणि न्याय यांतील सीमारेषा इतक्या संयमाने तपासणारी पृष्ठे या विषयावरील वाङ्मयात फार थोडी असतील. हा गुन्हा ज्यूंच्या देहावर घडला असला तरी तो अखिल मानवजातीविरुद्ध होता, म्हणून त्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय हवे, ही त्यांची भूमिकाही याच विवेचनातून येते.

मात्र आइशमन या व्यक्तीविषयीचे त्यांचे निदान तितके भक्कम नाही. खटल्याच्या संपूर्ण काळात त्या न्यायालयात नव्हत्या. बराचसा भाग त्यांनी इतिवृत्तांतून वाचला. याहून महत्त्वाची बाब अशी की, काचेच्या पेटीत बसलेला मनुष्य हाच संपूर्ण आइशमन, असे त्यांनी गृहीत धरले. बेटिना स्टँगनेट यांच्या २०११ मध्ये जर्मन भाषेत व २०१४ मध्ये इंग्रजीत आलेल्या संशोधनाने या गृहीतकास मोठा तडा दिला. १९५७ मध्ये विलेम सासेन या माजी एसएस सैनिक असलेल्या डच पत्रकाराच्या घरी आइशमनने दीर्घ मुलाखती दिल्या होत्या. तेथे तो आज्ञाधारक कारकून नाही. आपल्या कामाचा अभिमान बाळगणारा आणि ते अपुरे राहिल्याची खंत करणारा कट्टर नाझी आहे. या मुलाखतींचा काही अंश १९६० मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकात छापून आला होता. आरेन्ट यांना तो ठाऊक होता, तरी त्यांनी त्यात बढाईखोरपणाच अधिक पाहिला.

यावरून संकल्पनाच मोडीत निघते, असे काही अभ्यासक म्हणतात. ते पटत नाही. सामान्य माणसे यंत्रणेचा भाग होऊन भयंकर कृत्ये करतात, हे खरेच आहे. त्यासाठी आइशमन हे उदाहरण निवडणे चुकले, एवढेच. फरारी अवस्थेत पंधरा वर्षे काढणाऱ्या मनुष्याने सामान्य दिसण्याचा अभ्यासच केलेला असतो. १९९५ मध्ये आरोपपत्र दाखल झालेला रादोव्हान काराजिच २००८ मध्ये बेलग्रेडमध्ये सापडला, तेव्हा पांढरी दाढी वाढवून, वेगळ्या नावाने, पर्यायी उपचारपद्धतीवर व्याख्याने देत होता. त्याला ओळखणाऱ्यांनाही तो निरुपद्रवी गृहस्थच वाटला असणार.

दुसरी उणीव आरेन्ट यांच्या हाती नव्हती. हेस प्रांताचे महाअभियोक्ता फ्रिट्झ बाउअर यांनी आइशमनच्या प्रत्यार्पणासाठी केलेली विनंती बॉन सरकारने मानली नाही, याची नोंद त्या करतात. परंतु आइशमनचा ठावठिकाणा इस्रायलला कळविणारे स्वतः बाउअरच होते. आपल्याच देशातील अधिकारी त्यास आधी सावध करतील अशी भीती त्यांना वाटत होती. ही माहिती बाउअर यांच्या हयातीत, म्हणजे १९६८ पर्यंत, गुप्त राहिली. ती हाती असती तर आंतरराष्ट्रीय न्यायालयावर आरेन्ट यांनी ठेवलेली भिस्त कदाचित थोडी कमी झाली असती. १९९८ च्या रोम करारानुसार २००२ पासून असे कायमस्वरूपी न्यायालय हेग येथे अस्तित्वात आहे. भारत त्याचा सदस्य नाही. त्या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस दल नाही. सुदानचे तत्कालीन अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध २००९ मध्ये अटकेचे अधिपत्र निघाले. २०१५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत परिषदेसाठी आले, आणि त्यांनी देश सोडू नये असा तेथील न्यायालयाचा आदेश असतानाही विमानाने परत गेले.