'मागासलेले हिंदू' : एका शब्दाची झडती

गिरणीच्या फाटकावर रोज आमची झडती होते. विद्वानांच्या शब्दांचीही एकदा व्हायला हवी.

डॉ. गो. स. घुर्ये मालवणचे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची गादी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. १९४३ साली आदिवासींवरच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी या लोकांना नाव दिलं 'मागासलेले हिंदू'. शब्द दोनच, पण तेव्हापासून ते दिल्लीपर्यंत जाऊन बसलेत.

घुर्यांचं म्हणणं पोकळ नाही. इंग्रजांच्या खानेसुमारीत आदिवासींच्या धर्माला वेगळा रकाना असे. १९३१ साली तो 'ट्रायबल' या नावाने होता. घुर्ये दाखवतात की आदिवासी धर्म कुठे संपतो नि हिंदू धर्म कुठे सुरू होतो, ते खुद्द खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनाच सांगता येत नव्हतं. कबूल. पण रेघ मारता येत नसेल तर ती दोन्ही बाजूंनी मारता येत नाही. मग खेड्यातले हिंदूच आदिवासींची एक शाखा का नाहीत? म्हसोबा, मरीआई कुणाकडून आल्या? हा निष्कर्ष प्रोफेसरसाहेब काढत नाहीत.

आता शब्द फोडून बघा. 'हिंदू' म्हणजे तू आमचाच. 'मागासलेला' म्हणजे तुझी पायरी शेवटची. आत घ्यायचं आणि तळाला बसवायचं. मित्रांनो, ही शिडी आपल्या चांगल्याच ओळखीची आहे.

छोटानागपुरात गावाजवळ सालवृक्षांची राई राखलेली असते, ती सरना. सालाला फुलं आली की सरहुल. पूजा पाहान करतो. मुंडांचा सिंगबोंगा, उरावांचा धर्मेस. तिथं देऊळ नाही, पोथी नाही, चार वर्ण नाहीत. देऊळ नि पोथी हीच ज्याची मोजपट्टी, त्याला इथं सगळं उणंच दिसणार.

इंग्रज गेले, पुढे रकानाही गेला. २०११ च्या जनगणनेत संकेतांक सहाच धर्मांना : हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन. बाकीचे सगळे 'इतर'. तरी त्या 'इतर'मध्ये ४९ लाखांवर लोकांनी आपला धर्म 'सरना' असा लिहवून घेतला. जैन तेव्हा सुमारे साडेचव्वेचाळीस लाख. त्यांना रकाना होता, २०१४ साली राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जाही मिळाला. मिळाला, बरं झालं. मग सरनावाल्यांनीच कुणाचं काय घोडं मारलंय?

सरकारी उत्तर असं की असे धर्म शंभरावर आहेत, एकाला दिलं की सगळे मागतील. मागू द्या की! मागणारे फार आहेत म्हणून हक्क नाही, हा कुठला न्याय?

सरकारचा कायदा मात्र वेगळंच बोलतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, कलम २(२) : केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. लग्नाला हिंदू कायदा नाही, आणि मोजणीला मात्र 'हिंदू' नाहीतर 'इतर'. ११ नोव्हेंबर २०२० ला झारखंड विधानसभेने सरना कोडचा ठराव एकमताने केला. केंद्राने अजून तो मानलेला नाही.

आपल्याला याचं काय, असं कुणी विचारील. १९५१ साली महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध मोजकेच होते. १९६१ ला सत्तावीस लाखांवर गेले. आपल्या आईबापांच्या आईबापांनी प्रगणकापुढे उभं राहून 'बौद्ध लिहा' म्हणून सांगितलं. त्यापायी केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत, तरी सांगितलं. आपल्या शब्दाला निदान कागदावर जागा होती. यांना तीही नाही.

आणि एक. सरना हे नाव सगळ्या आदिवासींचं नाही. गोंड आपल्या धर्माला कोया पुनेम म्हणतात, अरुणाचलात दोन्यी-पोलो. कुणी सगळ्यांसाठी 'आदिवासी धर्म' असं एकच नाव मागतं. त्यांचं त्यांनी भांडून ठरवावं. गडचिरोलीच्या गोंड पोराला आपण पुढारीपणाने त्याचं नाव सांगायला गेलो, तर आपण घुर्यांच्याच वाटेने चाललो म्हणून समजा. २०२७ ची जनगणना तोंडावर आहे. शब्द त्यांचा असेल. तो प्रगणकाच्या हातून जसाच्या तसा लिहिला जातो की नाही, हे बघायला शेजारी उभं राहणं एवढं काम आपलं.